आधी कुंडी, मग वाफा

(कला लिलीच्या लागवडीविषयी जिल्हा बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून या मंडपात ऊस झाला, कांदा झाला, दूध झाले, वीजबिल झाले. आता आम्ही फुलावर बोलायला उभे राहिलो आहोत. कुणाला वाटेल, पोटभर जेवण झाले, आता विडा आला. पण हा विडा आम्हाला फार महाग पडला होता. तो कसा महाग पडला आणि त्यातून काय शिकलो, एवढेच सांगायचे आहे. आम्ही कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ नाही. आम्ही बारा घरांचा एक गट आहोत आणि आमची सगळी विद्या नुकसानीतून आलेली आहे.

२०१८ सालची गोष्ट. गटाने कर्ज काढले आणि रंगीत कला लिलीचे दोन हजार कंद आणले. एका कंदाला बाईच्या निम्म्या रोजाएवढा पैसा मोजला. खोकी आली वैशाखात. आमच्याकडे सगळे आल्याचे शेतकरी. कंद म्हटला की आमचा हात आपोआप आल्याच्या गादीवाफ्याकडे वळतो. आम्ही विचार केला, आले मे महिन्यात लावतो, हळद अक्षय तृतीयेला लावतो, मग हिला काय वेगळा मुहूर्त? विक्रेत्याने दिलेल्या कागदावर लिहिले होते, 'हे पाणथळ जागेतले झाड आहे, भरपूर पाणी द्यावे.' आम्ही खूश. मृग तोंडावर होता, पाणी फुकटचे मिळणार होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी आमची गत. सगळे कंद काळ्या रानात पुरून टाकले.

मृग बरसला. झिमझिम पंधरा दिवस तुटली नाही. कोंब वर आले, हिरवेगार दिसले, आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. आषाढात एक दिवस वाफ्याजवळून जाताना कुजक्या बटाट्यासारखा वास आला. पान ओढले तर पान हातात आले. खाली बोट घातले तर कंदाच्या जागी नुसता चिखल. श्रावण लागायच्या आत वाफा मोकळा झाला. कर्ज तेवढे राहिले. ते फेडायला आम्हाला आल्याचे दोन हंगाम लागले.

त्या कागदात एका अर्थाने खोटे काही नव्हते. पण त्यावर लिहिलेले झाड वेगळे होते आणि खोक्यातले झाड वेगळे होते.

नाव एक, जाती दोन

कला लिली ही नावाची लिली आहे, कुळाची नाही. लिनियसने १७५३ साली तिला 'कॅला' या नावाखाली टाकले. पुढे १८२६ मध्ये स्प्रेंगेल या शास्त्रज्ञाने तिला त्यातून काढून 'झांटेडेशिया' हे नवे नाव दिले. पण बाजाराच्या तोंडी जुनेच नाव बसले. तिचे खरे कूळ सांगितले तर तुम्ही हसाल. ते आहे अळवाचे आणि सुरणाचे. पावसाळ्याच्या तोंडाला कोकणात आणि ठाण्याच्या रानात शेवळे उगवतात, ती पाहिलेल्यांनी कला लिलीचे फूल नीट बघावे. घडण तीच. मध्ये एक उभी दांडी, भोवती गुंडाळलेले एक पान. ज्याला आपण फूल म्हणतो, ते पांढरे किंवा रंगीत असते ते पानच. खरी फुले त्या दांडीवर दाटीवाटीने बसलेली, मोहरीहून बारीक. म्हणून तर फूल झाडावर जुने झाले की ते पांढरे पान पुन्हा हिरवे पडू लागते.

हे कूळ लक्षात ठेवण्याचे एक कारण आहे. अळवाला चिंच का घालतो? शेवळांच्या भाजीत काकडं का घालतो? घशाला खाज सुटू नये म्हणून. ती खाज आणणारे सुईसारखे बारीक स्फटिक कला लिलीच्या पानात, देठात, कंदात सगळीकडे आहेत. अळू, सुरण आपण खातो, म्हणून हिचाही कंद शिजवून बघू, असला प्रयोग कुणी करू नये. ही खायची वस्तू नाही. लहान मुले आणि जनावरे यांच्यापासून लांब ठेवावी आणि काम झाल्यावर हात धुवावेत.

आता मुख्य गोष्ट. या झाडाचा मुलूख म्हणजे आफ्रिका खंडाचा दक्षिण भाग. तिथे तिच्या आठ जाती आहेत. आपल्या कामासाठी त्यांचे दोन गट करू.

पहिली पांढरी. ही मोठी, उंच, ओढ्याच्या काठाला, दलदलीत वाढणारी. दक्षिण आफ्रिकेत ती रस्त्याकडेच्या चरातही उगवते आणि तिकडच्या आफ्रिकान्स भाषेत तिला 'डुकराचा कान' अशा अर्थाचे नाव आहे. हिला पाणी मिळत राहिले तर ती बारा महिने हिरवी असते. हिचा कंद आल्यासारखा लांबट, जाड. विक्रेत्याचा कागद हिच्याविषयी होता.

दुसरी रंगीत. पिवळी, गुलाबी, जांभळी, केशरी. हे रंग निराळ्या जातींतून आणि त्यांच्या संकरातून आले. न्यूझीलंड आणि हॉलंड या देशांनी त्यावर पुष्कळ काम केले. या जाती मुळात गवताळ, डोंगरउताराच्या रानातल्या. तिकडे पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि थंडी कोरडी असते. पावसात वाढायचे, फुलायचे आणि कोरड्या दिवसांत जमिनीखाली झोपायचे, हा तिचा धर्म. हिचा कंद चपटा, भाकरीच्या उंड्यासारखा. हिला वाढीच्या दिवसांत ओल हवी, पण मुळाशी साठलेले पाणी चालत नाही. झोपेच्या दिवसांत तर थेंबभरही नको.

तुम्ही म्हणाल, पावसात वाढणारी आहे तर आमच्या पावसात का सडली? कारण तिकडच्या उतारावरून पाणी वाहून जाते आणि हवा थंड असते. आमच्या काळ्या रानात पाणी मुरून बसते आणि वर उकाडा असतो. गरम चिखल हे सडीचे माहेर आहे.

माळ्यावरची टोपली

एवढे नुकसान झाल्यावर आम्ही पुन्हा या फुलाच्या वाटेला गेलो नसतो. पण लागवडीच्या वेळी चाळीसएक बारके कंद उरले होते. वाफ्यात जागा नव्हती, म्हणून एका घरी चुलीवरच्या माळ्यावर टोपलीत टाकून दिले होते. घटस्थापनेआधी घर झाडताना त्या घरच्या बहिणीला ती टोपली सापडली. कंद सुरकुतले होते, पण डोळे फुटलेले. तिने कुणाला विचारले नाही. तेलाच्या जुन्या डब्यांना खिळ्याने भोके पाडली, नदीची जाड वाळू, तांबडी माती आणि कुजलेले शेणखत भरले आणि एकेक कंद लावला. संक्रांतीला आम्ही तिळगूळ घ्यायला गेलो तर ओट्यावर पिवळी आणि गुलाबी फुले उभी. चाळिसांतल्या सोळा कंदांना फूल आले होते.

शितावरून भाताची परीक्षा करतात. आम्ही आधी हंडा चुलीवर चढवला आणि मग तांदूळ कोणता ते विचारले. ती परीक्षा त्या बहिणीने फुकटच्या डब्यात करून दाखवली. तेव्हापासून गटाचा नियम ठरला. नवे पीक आधी कुंडीत, मग वाफ्यात. कुंडीत मेले तर तो शिकवणीचा खर्च. वाफ्यात मेले तर ते कर्ज.

कुंडीची रीत

लागवड घाटमाथ्याच्या आमच्या भागात पाऊस उघडल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. या झाडाला अठरा ते पंचवीस अंश तपमान मानवते. तिशीच्या पुढे सडीचा धोका वाढत जातो. आमची दिवाळी ते महाशिवरात्र एवढी खिडकी तिच्या कामाची. मराठवाडा-विदर्भाच्या भावांनी याच खिडकीत चार कुंड्या लावाव्यात, घराची शोभा होईल. पण उन्हाळ्यात तिच्याकडून काही मागू नये.

कंद घेताना हातात घेऊन बघा. दगडासारखा घट्ट हवा. दाबल्यावर बोट रुतले, ओला डाग दिसला, वास आला तर फुकट मिळाला तरी घरात आणू नका. एक सडका कंद टोपली सडवतो. कंद जितका मोठा तितकी फुले जास्त. अगदी बारक्या कंदाला पहिल्या वर्षी नुसती पाने येतील. त्याला दोष देऊ नका, तो वाढतो आहे.

आठ इंची कुंडीत एक कंद, दहा-बारा इंचीत तीन. तळाची भोके मोकळी हवीत, त्यावर खापऱ्या. माती, जाड वाळू आणि पुरते कुजलेले शेणखत सारख्या भागाने. काळी माती घालू नका. शेणखत ताजे असेल तर कंद उबेने जातो. कंदाच्या एका बाजूला गोल वळ्यांत डोळे असतात, ती बाजू वर. समजत नसेल तर कंद आडवा उभा करून लावा, कोंब आपली वाट शोधतो. वर दोन-तीन इंच माती. एकदा पाणी द्या आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आवरा. इथेच निम्मी माणसे चुकतात. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालण्याची आपली सवय तुळशीला चालते, हिला चालत नाही.

दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो. सकाळचे ऊन, दुपारची सावली. वरची इंचभर माती सुकली की पाणी, तेही बुडाशी, पानांच्या बेचक्यात नको. नत्र हात राखून द्या. युरियाने पान माजते, मऊ पडते आणि सडीला दार उघडते. पालाश थोडे जास्त चालेल. साधारण सत्तर ते नव्वद दिवसांत फूल येते.

फुलांची संख्या वाढवण्यासाठी लावण्याआधी कंदाला जिब्रेलिक आम्ल देतात. दहा लिटर पाण्यात एक ग्रॅम. त्याची पूड पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवावी. पण कंद बादलीत बुडवू नका. त्या बादलीत एक रोगी कंद गेला तर पुढचे सगळे रोगी होतात. कंद पोत्यावर पसरा, पंपाने फवारा आणि सावलीत वाळवा.

फूल निघाले, काम उरले

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. फूल काढले की आपल्याला वाटते, पीक निघाले. कला लिलीत फूल निघाल्यावर खरे पीक सुरू होते. ते पीक जमिनीखाली आहे. फुलानंतरचे दीड-दोन महिने पाने हिरवी ठेवायची, पाणी चालू ठेवायचे. त्या पानांच्या जोरावर नवा कंद भरतो आणि कडेला पिल्ले धरतो. पाने आपसूक पिवळी पडू लागली की पाणी कमी करा आणि मग पुरते तोडा. हिरवे पान कापू नका, ओढू नका. पान वाळले की मार्च-एप्रिलमध्ये कंद काढा. धुऊ नका. माती झटका, आठवडाभर वाऱ्याच्या सावलीत वाळवा आणि कोरड्या भुशात किंवा वाळूत, एकमेकांना न चिकटवता ठेवा. कुंडीतच ठेवायचे असतील तर कुंडी छपराखाली आडवी करून ठेवा, पावसाचा थेंब लागता कामा नये. ज्यांना जास्त कंद ठेवायचे आहेत, त्यांनी सात ते दहा अंशांचे शीतगृह शोधावे. बटाट्याच्या बेण्याच्या शीतगृहात टाकू नका, तिथली थंडी हिला सोसत नाही.

पिल्ले सहज सुटतील तेवढीच सोडवा. सुरी लावावीच लागली तर प्रत्येक कंदानंतर सुरी स्पिरिटने पुसा आणि कापाची जागा चांगली वाळल्याशिवाय लावू नका.

सडीबद्दल दोन शब्द. हा रोग जिवाणूचा आहे. बटाटा, गाजर, कांदा यांना सडवणारा हाच जिवाणू. एकदा कंद मऊ पडला की त्यावर औषध नाही. कुणी बाटली विकायला आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. रोगी झाड मातीसकट उचला, लांब नेऊन पुरा. त्या जागी आणि बटाटा-गाजर-कांद्याच्या फेरात हिला लावू नका. निचरा, कोरडी झोप आणि स्वच्छ सुरी, यांच्यापलीकडे दुसरा उपाय आम्हाला सापडलेला नाही.

पांढरीचे सगळे उलट. ती हौदाच्या ओलाव्यात, पाटाच्या कडेला, अर्धवट सावलीत लावा. कुंडी पाण्याच्या ताटात उभी केली तरी चालते. थंड हवेच्या गावात ती रुळते. निलगिरीत, कोडाईकनालला ओढ्यांकाठी ती दिसते. पण तिचे जादा कंद ओढ्यात फेकू नका. पश्चिम ऑस्ट्रेलियात हीच बागेतली पाहुणी ओढेनाले बळकावून बसली आणि तिला उपद्रवी तण ठरवावे लागले. आपल्या डोंगरातले ओढे आधीच घाणेरीने आणि रानमोडीने भरले आहेत.

फूल कुणाचे?

आता तुम्ही विचाराल, भाव काय? भाव आम्ही सांगणार नाही. आज सांगितलेला भाव तुम्ही कंद लावून फूल काढेपर्यंत राहणार नाही आणि मग तुम्ही आमच्या घरी याल. पण बाजाराची चाल सांगतो. झेंडू देवाला लागतो, दाराला लागतो, गाडीला लागतो. कुणीही घेतो आणि किलोवर घेतो. कला लिली हारात ओवली जात नाही, देवाला वाहण्याची रीत नाही. ती जाते गुच्छात, हॉटेलात, लग्नाच्या सजावटीत आणि दांडीवर मोजून विकली जाते. म्हणजे गिऱ्हाईक थोडे, पण चोखंदळ. पुण्याच्या गुलटेकडीला किंवा मुंबईत दादरला खोके पाठवून नशिबावर सोडायची ही वस्तू नाही. आधी गुच्छवाला गाठा, त्याला नमुना दाखवा, मग वाफा वाढवा. तोडणी फूल उमलल्यावरच करा, कारण तोडल्यावर ते आणखी उमलत नाही. पण दांडीवरचे पराग सुटायच्या आत. चांगले फूल पाण्यात आठवडाभर आरामात टिकते.

मेक्सिकोत या फुलाची मोठी चाल आहे. तिथले चित्रकार दिएगो रिवेरा यांनी १९२५ साली एक चित्र काढले. एक माणूस मान खाली घालून उभा आहे आणि त्याच्या पाठीवर कला लिलींचा मोठा भारा आहे. दिवाणखान्यात गुच्छ ठेवणाऱ्याला त्यात फुले दिसतील. आपल्याला आधी ती वाकलेली मान दिसते. फूल हलके असते. त्याचे ओझे किती, ते वाहणाऱ्यालाच ठाऊक.

ते ओझे मार्च २०२० मध्ये सगळ्या फूलशेतकऱ्यांनी पाहिले. टाळेबंदी आली, बाजार बंद, देवळे बंद, लग्ने बंद. लोकांनी जरबेरा आणि गुलाब उकिरड्यावर ओतले, काहींनी उभ्या बागा मोडल्या. आमच्याकडे त्या वेळी उशिरा लावलेल्या साठ कुंड्या फुलात होत्या. एकही दांडी विकली गेली नाही. आम्ही फुले शेजारीपाजारी वाटली, पाने जपली, वैशाखात कंद काढले. फूल गेले, पण भांडवल घरात राहिले. ऑक्टोबरात तेच कंद पिल्लांसकट पुन्हा लावले. कंद दरवर्षी कर्ज काढून विकत आणायचे असते, तर त्या एका महिन्यात आम्ही दुसऱ्यांदा बुडालो असतो. आज आमचा शेडनेटखाली दोन गुंठ्यांचा गादीवाफा आहे, सगळा आमच्याच कंदांचा. दोन गुंठे म्हणजे काही बागायत नव्हे, हे आम्हालाही कळते. पण त्यात कुणाचा रुपया अडकलेला नाही.

मायबहिणींनो, ही गोष्ट तुमच्यासाठी विशेष आहे. या गटात कागद पुरुषांनी वाचला, कर्ज पुरुषांनी काढले, मुहूर्तही पुरुषांनीच ठरवला. पीक वाचले ते माळ्यावरच्या टोपलीतून. बेणे राखणे ही तुमची विद्या आहे. गाडग्यात राख घालून वाल ठेवणारी, हळदीचे बेणे सावलीत झाकणारी बाई कला लिलीचा कंद आमच्याआधी ओळखते. गटाच्या बैठकीत ती मागे बसलेली असेल तर तिला पुढे बोलवा.

बैठक संपली की बाहेरच्या पिंपळाखाली या. पाटीत कंद आणले आहेत. घरटी एकच मिळेल आणि पैसे नकोत. पुढल्या वर्षी त्याचे एक पिल्लू दुसऱ्या कुणाच्या ओट्यावर गेले पाहिजे, एवढीच अट. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असे म्हणतात. ठेच आम्ही खाऊन झालो आहोत. तीच पुन्हा खाण्यात शहाणपण नाही.